सतरावं घर

१

चांगुणा तरटे विहिरीत पडून मेली तो शुक्रवार होता, १३ एप्रिल १९७३. तरटेवस्तीच्या विहिरीत सत्तर फूट खाली, खडकाच्या खोबणीत, घागरभर गढूळ पाणी साठत असे. ती दगडांना धरून उतरली, घागर भरली, आणि वर चढताना तिचा पाय सुटला. सबंध आठवडा वस्तीवर टँकर आला नव्हता. सोमवारी निघालेल्या यादीत तरटेवस्तीचं नावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नगरला आमच्या पाणीटंचाई शाखेतल्या विल्सन उजागरे या कारकुनाला घरी बसवण्यात आलं. त्यानंतर दहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, आमचे साहेब आप्पासाहेब यांनी मला आत बोलावलं.

मी रंगनाथ हराळ, त्याच शाखेतला अव्वल कारकून. मला एका जागी बसवत नाही, ही माझी जुनी खोड. त्या दिवशीही मी उभाच राहिलो.

"हराळ, गुरुवारी चार वाजेपर्यंत चौकशीचा अहवाल पाहिजे," साहेब म्हणाले. "त्यावर विल्सनची बडतर्फी निघेल. मग पोलीस बघतील."

"म्हणजे ठरलंच आहे, साहेब?"

"तुम्हीच सांगा. एकोणीस मार्चपासून चार सोमवार झाले, दर यादीतून एक गाव गळालं. दर वेळी वेगळं गाव, पण दर वेळी पिंपळगाव खुर्दच्या शेजारचं. पिंपळगाव खुर्द मात्र एकदाही गळालं नाही. ते गाव कुणाचं?"

"विल्सनचं."

"आणि त्याला घरी बसवल्यापासून दोन याद्या निघाल्या. एकही गाव गळालं नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पुरावा बरोबर वाटत होता. मला चैन पडत नव्हतं ते एवढ्याचसाठी, की विल्सनबरोबर मी अकरा वर्षं जेवणाचा डबा खाल्ला होता.

२

आधी तरटेवस्तीवर गेलो. काष्टी गावापासून जीपनं अर्धा तास. वाटेत शेतांना भेगा पडलेल्या, बाभळींखाली हाडं निघालेली जनावरं उभी. वस्तीवर टँकर नुकताच येऊन गेला होता, आणि विहिरीच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या.

चांगुणेची मोठी जाऊ छबूबाई ओट्यावर बसल्या होत्या. साठीची बाई, आवाज कोरडा.

"लिवून घ्या," त्या म्हणाल्या. "त्या उजागऱ्याच्या पोरानं आमचं पानी तोडलं."

"कशावरून म्हणता?"

"मागं दुष्काळ पडल्ता तवा त्याचा बाप आमच्या हिरीवर आल्ता. आमच्या सासऱ्यानं त्याला चढू दिलं न्हाई. घागर फोडली त्याची. पोरगं संग हुतं, हे एवढं. त्यानं समदं बघितलं." त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "आमी वाईट केलं, ह्ये मला ठावं हाय. पर चांगुणा तवा हितं नांदायला बी आली न्हवती."

"टँकर आला नाही, तेव्हा कळवलं होतं का?"

"बुधवारी अर्ज दिला की माणसासंगं. तुमच्या हापिसात त्यो कवा पोचला, ते तुमालाच ठावं."

मला ठाऊक होतं. तो अर्ज शुक्रवारी दुपारी पोचला. चांगुणा सकाळीच विहिरीत उतरली होती.

निघताना छबूबाईंनी विचारलं, "त्याला फाशी हुईल का?"

मी जीपमध्ये बसलो, आणि ड्रायव्हरनं चालू करायच्या आत पुन्हा उतरलो. पाच मैल पायी चालावं असं वाटत होतं. विल्सनला कारण होतं, तेही लहानपणापासूनचं, आणि हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं.

३

विल्सन नगरला सावेडीकडे दोन खोल्यांत राहत होता. दाढी वाढलेली. बायको मरिया शाळेत गेली होती.

"ईस्टरलाही चर्चमध्ये गेलो नाही, भाऊसाहेब," तो म्हणाला. "लोक बाकावर सरकून बसतात."

मी घागरीची गोष्ट विचारली.

"खरी आहे. मी सात वर्षांचा होतो." तो हातांकडे बघत म्हणाला, "तरटेवस्तीची मागणी आली तेव्हा यादीत नाव मीच घातलं. पहिल्या दिवशी घातलं. घालताना हात थांबला होता, हे खोटं कशाला बोलू? पण घातलं."

"मग गळालं कुठं?"

"तेच मी दोनदा पत्र लिहून विचारलं."

यादी कशी होते, ते मला पुन्हा एकदा नीट समजून घ्यायचं होतं. विल्सननं सांगितलं. दौंड रस्त्यावर दख्खन भूजल गणन केंद्र आहे. तिथं नवं गणकयंत्र आलं, तेव्हा टँकरच्या याद्या त्यावर करायचं ठरलं. विल्सननं सगळ्या गावांची नावं इंग्रजी अक्षरांत कागदी फितीवर छिद्रं पाडून तयार केली. ती नावांची फीत मार्चपासून केंद्रातच आहे. दर आठवड्याला आमच्याकडून फक्त गावांचे क्रमांक आणि पाणी भरायच्या ठिकाणांची माहिती जाते. टँकर कुठून भरायचे ते पाण्याप्रमाणे बदलतं, म्हणून गावांचा क्रमही बदलतो. यंत्र वाटेप्रमाणे क्रम लावतं आणि यादी छापून देतं. ती आमच्याकडे आली की टायपिस्ट लंकाबाई मराठीत स्टेन्सिल कापतात, आणि त्या प्रती ड्रायव्हरांना जातात.

"छापील यादीच्या तळाला यंत्र स्वतः बेरीज देतं," विल्सन म्हणाला. "नऊ एप्रिलच्या यादीत बेरीज त्रेचाळीस. लंकाबाईंच्या प्रतीत गावं बेचाळीस. क्रमांकांचा कागद केंद्रात गेलेला, त्यामुळे कोणतं गाव कमी ते इथं कळेना. मी त्याच दिवशी केंद्रातल्या थिटेसाहेबांना दुसरं पत्र शिपायाहाती पाठवलं. उत्तर आलं, यंत्र मोजण्यात चुकत नाही."

"हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, मग लंकाबाई चुकल्या असतील. त्या माउलीच्या गळ्यात घोंगडं कशाला टाकू? मी गप्प बसलो."

बेरीज त्रेचाळीस आणि गावं बेचाळीस. म्हणजे गाव यंत्रात शिरलं होतं, आणि बाहेर आलं नव्हतं. किंवा बाहेर आलं होतं, आणि लंकाबाईंच्या टेबलावर नाहीसं झालं होतं.

४

यंत्राच्या मूळ याद्या दप्तरात नव्हत्या. बुधवारी सकाळी विचारलं, तर लंकाबाई आधी कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या, आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "घरी आहेत."

"घरी कशाला?"

"कागद चांगला जाड असतो, भाऊसाहेब. स्टेन्सिल झालं की कुणी विचारत नाही. मी फळ्यांवर अंथरते."

तासाभरात मी माळीवाड्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. डाळीचे, पोह्यांचे, तिखटाचे डबे उतरवून आम्ही सहा लांब कागद जमिनीवर पसरले. तेलाचे गोल डाग पडले होते, पण अक्षरं शाबूत होती. कडेला तारखा होत्या. मी गुडघ्यांवर बसून वाचू लागलो, आणि पहिल्याच कागदावर थांबलो.

गावांच्या ओळींमध्ये एक ओळ कोरी होती.

"ही कोरी ओळ कसली?"

"मशीन सोडतं कधी कधी. मी जोडून घेते. मध्ये फट कशाला?"

दुसरा कागद, तिसरा, चौथा. प्रत्येकात एक कोरी ओळ. ती प्रत्येक कागदावर वेगळ्या जागी होती, पण तिच्या वरचं नाव चारही वेळा एकच: PIMPALGAON KHURD.

लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगबाई. मी गावंच मिटवली का हो?"

"तुम्ही नाही. तिथं नाव छापलंच नव्हतं."

पाचवा आणि सहावा कागद विल्सन घरी बसल्यानंतरचे. त्यांत कोरी ओळ नव्हती. पुन्हा सगळं विल्सनच्या विरुद्ध. मी उठलो, दोन फेऱ्या मारल्या, परत बसलो. पिंपळगाव खुर्दचं नाव शोधलं. पाचव्या कागदावर ते होतं, सहाव्यावरही होतं. पण तिथं लिहिलं होतं, PIMPALGAON KH.

"लंकाबाई, हे तुम्ही कसं टाइप केलंत?"

"पिंपळगाव खुर्द. केएच म्हणजे खुर्दच की."

मराठीत सहाही याद्या सारख्याच दिसत होत्या, म्हणून ऑफिसात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी सायकल घेतली आणि उन्हात तडक विल्सनकडे गेलो.

"पिंपळगाव खुर्द तुम्ही फितीवर कसं लिहिलं होतं?"

"पूर्ण," तो म्हणाला. "फॉर्मवर नावाला सोळा घरं होती. बाकीच्या सगळ्या खुर्दांचं केएच केलं, बुद्रुकांचं बीके. आमचं गाव मोजलं, तर बरोबर सोळा घरांत बसत होतं. मग तोडावंसं वाटलं नाही." तो जरा ओशाळला. "का हो, पूर्ण लिहिणं चुकीचं होतं का?"

"नंतर तुम्ही ते बदललंत?"

"मी कसं बदलणार? फीत केंद्रात आणि मी इथं."

तो घरी बसलेला असताना त्याच्या गावाचं नाव कुणीतरी तोडलं होतं. आणि नाव तोडल्याबरोबर गावं गळायची थांबली होती. ज्यानं ते तोडलं, त्याला का तोडायचं ते ठाऊक असणार.

५

केंद्रात पंख्यांचा आणि यंत्राचा आवाज एकमेकांत मिसळला होता. प्रमुख गोरक्ष थिटे पस्तिशीचे, पाथर्डीकडचे. कानपूरला शिकून आलेले. हे यंत्र जिल्ह्यात यावं म्हणून दोन वर्षं खेटे घातलेला माणूस. त्यांनी चहा मागवला.

"उजागरेंचं दुःख मला समजतं," ते म्हणाले. "पण यंत्राला राग-लोभ नसतो, हराळ. आत जे जाईल ते बाहेर येईल."

"नावांची फीत कुणाच्या ताब्यात असते?"

"माझ्या आणि पठारेबाईंच्या. यादीचा मुख्य प्रोग्रॅम माझा, छापायचा भाग त्यांचा." ते पुढे वाकले. "उजागरे आणि पठारेबाई दोघंही ख्रिस्ती. मी काही सुचवत नाही, पण चौकशीत आलेलं बरं."

फिलोमिना पठारे शेजारच्या खोलीत होत्या. राहात्याच्या, गणितातल्या पदवीधर. मी थिटेंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"उजागरेंना मी पाहिलेलंही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि त्यांचं चर्च वेगळं, आमचं वेगळं. एवढं तरी साहेबांना माहीत असायला हवं होतं."

मी चार कागद त्यांच्यापुढे पसरले आणि कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं. त्या वाकल्या. वरचं नाव पाहिलं, पेन्सिलीच्या टोकानं अक्षरं मोजली: पिंपळगावची दहा, मधली मोकळी जागा एक, खुर्दची पाच. मग पुन्हा मोजली. त्यांचा चेहरा उतरला.

"मला समजेल असं सांगा," मी म्हणालो.

"यंत्राच्या आत घरं असतात, एकापुढे एक, चाळीसारखी. एका घरात एक अक्षर. थिटेसाहेबांनी प्रत्येक गावाला सोळा घरं दिली आहेत. सोळा संपली की लगेच पुढच्या गावाची सुरू. त्यांचा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये आहे. त्या भाषेत नावाला शेवटची खूण नसते, लांबी असते. इतकी घरं मोजली की नाव संपलं."

"आणि तुमचा?"

"माझा यंत्रभाषेत. तो मोजत बसत नाही. एकेक घर वाचतो, अक्षर छापतो, आणि शून्य लागलं की थांबतो. साहेबांचा प्रोग्रॅम मला सांगतो, नाव इथून सुरू होतं, इतकी अक्षरं आहेत. मी छापण्याआधी शेवटच्या अक्षरापुढच्या घरात शून्य ठेवते."

"नाव नऊ अक्षरांचं असेल तर?"

"दहाव्या घरात. ते मोकळंच असतं. पंधरा अक्षरं असली तर सोळाव्यात."

"आणि सोळा असली तर सतराव्यात," मी म्हणालो. "सतरावं घर कुणाचं?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुढच्या गावाचं," त्या म्हणाल्या. "त्याचं पहिलं अक्षर तिथं असतं. मी ते पुसून शून्य ठेवते. मग त्या गावाची पाळी आली, की पहिल्याच घरात शून्य दिसतं, आणि माझा प्रोग्रॅम समजतो की नाव संपलं. कोरी ओळ छापून पुढे जातो."

"पण बेरीज बरोबर येते."

"येणारच. गावं साहेबांचा प्रोग्रॅम मोजतो. त्याच्या लेखी गाव आहेच."

त्यांनी तिथल्या तिथं छोटी फीत तयार केली. दोनच नावं, PIMPALGAON KHURD आणि त्याखाली KASHTI. टेलिप्रिंटर खडखडला. पहिली ओळ छापली, दुसरी कोरी, आणि खाली बेरीज दोन. मग त्यांनी KHURD चं KH केलं. काष्टी परत आलं.

मी तो कागद फाडून हातात घेतला. खोलीत फिरायला जागा नव्हती, म्हणून खिडकीशी गेलो. विल्सननं कुणाचं पाणी तोडलं नव्हतं. आपल्या गावाचं नाव त्यानं नियमात बसवून पूर्ण लिहिलं होतं, आणि शेजारी मोकळं घर उरलं नव्हतं.

"पुढे एक घर मोकळं हवं, हे कुठं लिहिलंय का?"

"माझ्या वहीत आहे. पहिल्याच पानावर. तोंडानं मी साहेबांना कधी सांगितलं नाही. लिहिलं म्हणजे आपलं काम झालं असं समजले." त्यांनी कपाटाची किल्ली काढली. "वही कुणी नेली तर सही करून नेतात."

सह्यांच्या तक्त्यावर एकच नाव होतं. त्यापुढची तारीख वाचून मी पठारेबाईंकडे बघितलं. त्यांनीही ती वाचली होती.

६

थिटेंच्या टेबलावर चहा तसाच होता, वर साय धरलेली. पठारेबाई माझ्यामागे दारात उभ्या राहिल्या. मी सहा कागद मांडले, आणि सातवा काष्टीचा.

"नावांच्या फितीवर KHURD होतं," मी म्हणालो. "सोळा एप्रिलच्या यादीत ते KH झालं. तोपर्यंत विल्सन घरी बसला होता. ऑफिसातून फक्त आकडे येतात, म्हणजे नाव इथंच बदललं. पठारेबाईंनी बदललं असतं, तर आज मोजताना त्यांचा चेहरा तसा उतरला नसता. शिवाय त्यांना स्वतःची वही सही करून न्यायची गरज नाही."

थिटेंनी काष्टीचा कागद उचलून पाहिला.

"नऊ तारखेला सोमवारी विल्सननं तुम्हाला दुसरं पत्र लिहिलं. ते हातोहात आलं. तुम्ही याद्या पुन्हा छापून बघितल्या, कोऱ्या ओळी दिसल्या, त्यांच्या वरचं नाव दिसलं. मग ही वही नेलीत आणि पहिलं पान वाचलंत. नंतर फितीचा तेवढा तुकडा कापून नवा चिकटवलात. बरोबर?"

"चूक दुरुस्त करणं हा गुन्हा नाही," थिटे म्हणाले. आवाज बसला होता.

"गुपचूप का केलीत?"

"तुम्हाला ठाऊक नाही इथं काय चाललंय ते. पहिल्या दिवसापासून लोक टपून बसलेत. एक चूक कळली असती, तर म्हणाले असते, बघा, दुष्काळात माणसांच्या पाण्याशी खेळ. यंत्र परत गेलं असतं. त्याच यंत्रावर पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या विहिरींचा हिशोब लागणार आहे. शंभर गावं वाचली असती."

"विल्सनला घालवताना काही वाटलं नाही?"

"त्याच्यावर आळ येईल हे माझ्या मनात नव्हतं. आल्यावर बोलणं अवघड झालं. आणि बाई गेल्यावर तर..."

मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "वही तुम्ही दहा तारखेला नेलीत, थिटेसाहेब. मंगळवारी. चांगुणा तरटे तेराला विहिरीत उतरली. शुक्रवारी सकाळी."

पंख्याखाली कागदांची टोकं हलत होती.

"मंगळवारी कोणती वस्ती कोरी राहिलीय हे तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं. आमच्या ऑफिसात फोन आहे. तुमच्या टेबलावर फोन आहे."

"मला वाटलं, सोमवारच्या यादीत वस्ती येईलच," थिटे हळू म्हणाले. "सहा दिवसांचा प्रश्न होता."

पठारेबाई दारातून निघून गेल्या. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

७

अहवाल मी गुरुवारी सकाळीच दिला. आप्पासाहेबांनी तो दोनदा वाचला. विल्सनला त्याच दिवशी परत बोलावलं, आणि साहेब स्वतः त्याच्या टेबलापर्यंत चालत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. विल्सन "असू द्या साहेब" एवढंच म्हणाला. थिटेंवर पुढे रीतसर खटला भरला गेला. पठारेबाईंनी गावाला सोळाऐवजी सतरा घरं द्यायला लावली, आणि नवा नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. त्याखाली त्यांनी आपलीही सही केली. झाल्यात आपलाही वाटा होता, असं त्या म्हणत.

शुक्रवारी मी तरटेवस्तीवर गेलो. तसा हुकूम नव्हता. विल्सनही येतो म्हणाला. वस्तीच्या अलीकडे तो जीपमधून उतरला आणि तिथंच बाभळीखाली थांबला. "आधी तुम्ही सांगा," म्हणाला.

मी छबूबाईंना सगळं सांगितलं. घरं, अक्षरं, शून्य, जमेल तसं सोपं करून. ओट्यावर खडूनं चौकटी काढून दाखवल्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्या बाभळीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी त्या पोराचा दोष न्हाई."

"नाही."

"त्याला म्हणावं, ये. उन्हात का उभा हाय?"

मी हात केला. विल्सन हळूहळू येऊ लागला.

"यंत्राचं मला कळत न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "माणसाच्या हातनं चूक हुती, तशी त्याच्या हातनं झाली आसंल. पर त्या सायबाला मंगळवारी कळलं, आसं तुमी म्हनला. हितं सांगावा धाडायला त्याच्यापाशी मानूस न्हवता का?"

मी खडू खाली ठेवला.

"होता," मी म्हणालो.